आधीचा बरा होता

ज्या गायिकेवर आपण उभं आयुष्य जीव टाकला तिचा नवा अल्बम येतोय अशी बातमी आली, की खऱ्या चाहत्याच्या पोटात गोळा येतो. इतरांचं बरं असतं. आवडला तर ऐकतील, नाहीतर दुसरं काही लावतील. चाहत्याला ती सवलत नाही. त्याला तो अल्बम कुठून तरी मिळवावा लागतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकावा लागतो आणि मग चारचौघांत मत द्यावं लागतं. त्यातून ते मत आधीच तयार असतं. आता ते बदलावं लागू नये अशी त्याची मनातून इच्छा असते, की एकदा तरी बदलावं लागावं अशी, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसावं.

माझा या जमातीचा अभ्यास नाशिकपुरता आहे. आमच्याकडे रविवारी सकाळी गाडी काढून गंगापूर रोडच्या बाहेर मिसळ खायला जाणं हा नित्यनेम आहे. मळ्यात मांडलेली टेबलं, काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही आणि शेवटी जिलेबी. खाणं वीस मिनिटांत उरकतं. उरलेले दोन तास राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम आणि आशा भोसले यांच्या वाट्याला येतात. टेबलावर साधारण तीन पक्ष असतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, ज्यांची सगळी नोकरी कोऱ्या नोटांमधली खोट शोधण्यात गेली. ओझरला एचएएलमध्ये मिग विमानं खोलण्यात आणि परत जोडण्यात आयुष्य घालवलेले दुसरे काका. आणि देवळालीला इंग्रजी शिकवलेल्या एक मॅडम, ज्या हिंदी गाण्यांच्या वादात आदबीने गप्प बसतात आणि वाद संपला असं वाटलं की एकच वाक्य बोलतात. मी वयाने सगळ्यांत लहान असल्यामुळे माझ्याकडे मत नसून पाव मागवण्याचं काम असतं. लताबाईंचे चाहतेही येतात. ते शेजारच्या टेबलावर बसतात आणि अधूनमधून आमच्याकडे सहानुभूतीने बघतात.

आशाबाईंच्या बाबतीत पहिली पंचाईत अशी, की उतरता काळ मोजायचा कुठून? १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांनी त्यांच्याकडून गाणं म्हणवून घेतलं तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. २०११ साली गिनेसवाल्यांनी सर्वाधिक गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या कलाकार म्हणून त्यांची नोंद केली, तेव्हा आकडा अकरा हजारांपर्यंत आणि भाषा वीसहून अधिक अशी मोजदाद होती. रोज एक गाणं ऐकायचं म्हटलं तरी तीस वर्षं पुरावीत. एवढ्या लांब रस्त्यावर ‘इथून उतार सुरू’ अशी पाटी लावायची कुठे? प्रेसकाकांनी ती बऱ्याचदा लावली. सत्तरचं दशक संपलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ‘आता संपलं’ असं जाहीर केलं, तर १९८१ मध्ये ‘उमराव जान’ आला. मग पुन्हा जाहीर केलं, तर ‘इजाजत’ आला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. १९९५ मध्ये ‘रंगीला’ आला तेव्हा आशाबाई साठी ओलांडून गेल्या होत्या आणि पडद्यावर त्यांच्या आवाजात उर्मिला मातोंडकर समुद्रावर धावत होती. काका स्वतः मात्र ठरल्या वयाला, ठरल्या तारखेला, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. हा मुद्दा एकदा ओझरकाकांनी काढला, तेव्हा प्रेसकाका म्हणाले, “मी निवृत्त झालो म्हणून प्रेस बंद पडली नाही. तिचं तसं नाही ना!” यात तक्रार कुठे संपते आणि कौतुक कुठे सुरू होतं ते मला आजवर सापडलेलं नाही.

चित्रपटातल्या गाण्यांत निदान सबबी सांगता येतात. प्रसंग तसा होता, नायिका तशी होती, निर्मात्याला तसंच हवं होतं. अल्बमचं तसं नसतं. तिथे माणूस आपल्या मनाने गातो, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. १९८७ साली आशाबाईंच्या वाढदिवशी, ८ सप्टेंबरला, ‘दिल पडोसी है’ हा दुहेरी अल्बम आला. शब्द गुलजारांचे, संगीत पंचमचं, गाणाऱ्या आशाबाई. आपल्याकडे ‘ग्रुप’ म्हणावा असा ग्रुप शोधायचा तर मी या तिघांकडे बोट दाखवीन. चौघं जण झिपऱ्या वाढवून एका मंचावर उभे राहिले म्हणजेच ग्रुप होतो असं थोडंच आहे? या तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं होतं. आता निर्माता नाही, नायिका नाही, कॅमेरा नाही. स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी एक मोठा घाट घातला. पंचमला तेव्हा चित्रपट कमी मिळत होते. डिस्कोचा जमाना होता आणि ज्यांनी त्याच्याकडून नफा कमावला ते निर्माते दुसरीकडे वळले होते. अशा वेळी सवड मिळालेल्या माणसाने केलेलं हे काम आहे. ते तसं ऐकू येतं. त्याला कुठेही पोहोचायची घाई नाही.

ओझरकाकांनी मेनरोडवरच्या दुकानातून त्याच्या कॅसेटी आणल्या आणि आठ दिवसांनी निकाल दिला, “ठीक आहे. पण ‘कारवाँ’ची सर नाही.” ‘कारवाँ’ १९७१ चा. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीच्या क्लबमधल्या गाण्याच्या फूटपट्टीने त्यांनी गुलजारांची कविता मोजली. या कॅसेटी पुढे काही वर्षं कपाटात मागच्या रांगेत होत्या. मग १९९४ च्या ४ जानेवारीला पंचम गेले. त्यानंतर १९९७ मध्ये आशाबाईंनी लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ केला, टीव्हीवर त्याचा व्हिडिओ दिवसातून दहा वेळा दिसू लागला आणि ओझरकाका एका रविवारी हताश होऊन म्हणाले, “अरे, हीच का ती ‘दिल पडोसी है’वाली?” कॅसेटी पुढच्या रांगेत आल्या.

हा नियम मला त्या दिवशी कळला आणि अजून त्याला अपवाद दिसलेला नाही. उत्तरकाळातल्या अल्बमला चाहते कधी माफ करत नाहीत; पुढचा अल्बमच त्याला माफी मिळवून देतो. २००५ साली नवा अल्बम आल्यावर ‘जानम समझा करो’सुद्धा ‘निदान त्यात मजा तरी होती’ या वर्गात जाऊन बसला. आता २००५ च्या अल्बमबद्दलही टेबलावर कोणी वाईट बोलत नाही.

त्या अल्बमची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्रोनोस क्वार्टेट नावाचा तंतुवाद्य वाजवणाऱ्या चौघांचा चमू आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. डेव्हिड हॅरिंग्टन या व्हायोलिनवादकाने तो १९७३ मध्ये सुरू केला. त्याच वर्षी इकडे ‘यादों की बारात’मध्ये पंचमने पेल्यावर टिचकी मारल्यासारख्या किणकिणाटाने एक गाणं सुरू केलं होतं आणि पुढची पन्नास वर्षं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाची सोय करून ठेवली होती. हॅरिंग्टनला पंचमच्या संगीताने झपाटलं. २००० सालच्या एका अल्बममध्ये या चमूने त्याचं एक गाणं वाजवून बघितलं, आणि २००५ मध्ये अख्खा अल्बमच त्याच्या नावाने केला. त्यात झाकीर हुसेन होते, चिनी पिपा वाजवणाऱ्या वू मान होत्या. आणि गायला कोण? तर जिने ही गाणी पहिल्यांदा गायली तीच. बहात्तरीच्या उंबरठ्यावरची बाई आपल्या अडतिशी-चाळिशीतली गाणी परत गाणार होती.

नाशिकमध्ये तो अल्बम सहज मिळायचा काळ नव्हता. पदपथावर दीडशे गाण्यांची एमपी-थ्री सीडी वडापावच्या भावात मिळत होती, पण हा नव्हता. प्रेसकाकांच्या पुतण्याने अमेरिकेतून आणला. काकांनी ती सीडी हातात घेतली, कव्हर उजेडासमोर धरलं, तिरकं केलं, उलटं केलं. चाळीस वर्षांची सवय. मग तीन रविवार ते काही बोललेच नाहीत. चौथ्या रविवारी रस्सा संपल्यावर म्हणाले, “सही तिचीच आहे. कागद बदललाय.”

ओझरकाकांचं म्हणणं जास्त तांत्रिक होतं. पंचमच्या मूळ ध्वनिमुद्रणात स्टुडिओभर माणसं असायची. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, केर्सी लॉर्डचं ॲकॉर्डियन आणि नंतरचा सिंथेसायझर, मारुतीराव कीर तालाला, भानू गुप्ता गिटारला. शिवाय कंगवा, बाटली, सॅंडपेपर अशी ज्यांना वाद्य म्हणून कोणी भाव दिला नसता ती मंडळी. “एवढ्या मोठ्या इंजिनाचं काम चार व्हायोलिनवर?” असा त्यांचा सवाल. त्यातली दोनच व्हायोलिन आहेत, एक व्हिओला आणि एक चेलो आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूटपणे पाव मागवायला उठलो. खरं तर क्रोनोसच्या मंडळींनी आपल्याच वादनाचे थर एकावर एक चढवून तो सगळा कारखाना उभा करायचा प्रयत्न केला आहे, आणि काही ठिकाणी तो उभा राहतोही. पण माझं मत विचाराल तर त्या अल्बममधली गंमत जिथे तो उभा राहत नाही तिथे आहे. जिथे मूळ गाण्यात ट्रम्पेटची सरबत्ती आहे तिथे इथे चेलो नुसता गुरगुरतो आणि त्या गुरगुरण्यावर आशाबाईंचा आवाज येतो. तो आवाज पूर्वीसारखा तुळतुळीत नाही. त्याला किंचित खरखर आहे. वरच्या सुरांना तो हात लावतो आणि पूर्वीइतका वेळ तिथे थांबत नाही. पण शब्द उच्चारण्याचा जो नखरा आहे तो कणभर कमी झालेला नाही. उलट आता सगळा भार त्याच्यावरच असल्यामुळे तो जास्त स्पष्ट ऐकू येतो.

ग्रॅमीसाठी या अल्बमला नामांकन मिळालं. त्याआधी उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर जुन्या बंदिशी गाऊन केलेल्या ‘लेगसी’लाही मिळालं होतं. साठी उलटल्यावर बाई एका उस्तादांपुढे शिकायला बसली, याचं कौतुक आमच्या टेबलावर फारसं झालं नाही, कारण त्या अल्बममध्ये ओझरकाकांना ओळखीचं काही सापडेना. चाहत्याला नवीन गाणं दिलं तर ओळखीचं नाही म्हणून नको असतं, आणि ओळखीचं दिलं तर पूर्वीसारखं नाही म्हणून नको असतं. मधल्या काळात इंग्लंडमध्ये कॉर्नरशॉप नावाच्या बँडने १९९७ मध्ये आशाबाईंच्या नावाचं एक गाणं केलं आणि पुढच्या वर्षी त्याचं रीमिक्स तिकडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाइटक्लबात इंग्रज पोरं ‘आशा, आशा’ म्हणत नाचत होती. त्या पोरांनी तिचं एकही गाणं ऐकलेलं नसेल. त्यांना तक्रार करायचं कारणच नव्हतं.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या टेबलावरचे दोघंही काका कराओके क्लबात गातात. नाशिकमध्ये निवृत्तीनंतर माणूस एकतर गोदाकाठी फिरायला जातो, नाहीतर कराओकेला. बरेच जण दोन्ही करतात. दर महिन्याला कुठल्या तरी सभागृहात कार्यक्रम असतो. पंचमच्या जयंतीला २७ जूनला आणि पुण्यतिथीला ४ जानेवारीला तर गायकांची इतकी गर्दी होते की प्रेक्षक म्हणून बसायला आलेल्या माणसालाही एक युगल गाणं गाऊन जावं लागतं. आता मूळ ट्रॅक असतो मूळ पट्टीत. तो साठीच्या माणसाला झेपत नाही. वय वाढतं तशा स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, छातीत हवा कमी मावते, बायकांचा आवाज खाली उतरतो आणि लांब ओळ एका दमात निभत नाही. यावर उपाय म्हणजे ट्रॅकची पट्टी यंत्राने उतरवून घ्यायची. ओझरकाका किशोरकुमारची गाणी काळी दोनवरून थेट पांढरी एकवर आणतात आणि वर सांगतात, “मूळ पट्टीपेक्षा असंच जास्त गोड वाटतं.” पण क्रोनोसच्या अल्बमवर त्यांचा पहिला आक्षेप काय होता? “पट्टी उतरवलीय.” मी हा विरोधाभास त्यांच्या लक्षात आणून दिला नाही. मला पुढच्या रविवारीही गाडीत जागा हवी होती.

मॅडमचं एक वाक्य मात्र त्या दिवशी आलं. “तुम्ही उतरवली तर गोड, आणि तिने उतरवली तर म्हातारपण होय?” मग पाच मिनिटं सगळ्यांनी जिलेबीकडे लक्ष दिलं.

मॅडमना हे बोलायचा अधिकार होता, कारण त्यांनी स्वतः हे सगळं एकटीने भोगलं आहे. त्यांचं दैवत ॲबा. स्वीडनचे दोन पुरुष आणि दोन बायका. सत्तरच्या दशकात देवळालीत त्यांच्या रेकॉर्डी होत्या आणि मॅडमनी त्यांच्या इंग्रजी उच्चारांवरून वर्गात उदाहरणं दिली होती. १९८१ मध्ये ॲबाचा अल्बम आला आणि मग चाळीस वर्षं नवा अल्बम नाही. चाळीस वर्षं ही वाट बघण्याच्या पलीकडची गोष्ट आहे. त्यात मॅडमची नोकरी, लेकीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं होऊन गेलं. आणि २०२१ मध्ये एकदम ‘व्हॉयेज’ नावाचा नवा अल्बम आला. तारीख होती ५ नोव्हेंबर. म्हणजे दिवाळीचा पाडवा. नाशिककराची पाडव्याची पहाट एरवी पिंपळपारावर शास्त्रीय गाणं ऐकण्याची. मॅडम उटणं लावून, अंघोळ करून, फराळाचं ताट बाजूला ठेवून स्वीडनच्या चौघांपुढे बसल्या.

दहा गाणी. अग्नेथा एकाहत्तर वर्षांची, फ्रीडा शहात्तरीला टेकलेली. दोघींचे आवाज खाली उतरलेले. मॅडम म्हणाल्या, पहिली काही गाणी त्यांनी शिक्षिकेच्या चेहऱ्याने ऐकली, चुका काढत. मग एक गाणं लागलं आणि त्या खुर्चीत सरसावून बसल्या. हीच ती! हाच तो जुना ॲबा! कोण म्हणतं आवाज गेला म्हणून? नंतर लेकीने मोबाइलवर वाचून सांगितलं की त्या गाण्यातला आवाज १९७८ सालीच ध्वनिमुद्रित केलेला होता. तेव्हा वापरला नव्हता, आता त्याला नवीन वाद्यमेळ दिला. हे मॅडमनी टेबलावर स्वतःहून सांगितलं आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर फार वाढला, कारण दुसऱ्या कुठल्याही चाहत्याने ही बातमी दाबली असती. “मग मी बाकीची नऊ परत ऐकली,” त्या म्हणाल्या. “आता मला त्यातली दोन आवडतात.” चाळीस वर्षांनंतर दोन. माझ्या मते हे प्रमाण चांगलं आहे.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये ॲबाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात तर ती मंडळी स्वतः नव्हतीच. त्यांच्या हालचाली यंत्रांनी टिपून, १९७९ मध्ये ते जसे दिसत तशा त्यांच्या प्रकाशाच्या आकृती तयार केल्या आणि त्या मंचावर नाचल्या. लोक रडले म्हणतात. मॅडमची लेक तिकिटं काढायला तयार होती. मॅडम नको म्हणाल्या. ‘पूर्वीसारखं हवं, पूर्वीसारखं हवं’ म्हणून चाहत्यांनी इतका धोशा लावला की शेवटी कोणीतरी शब्दशः पूर्वीसारखं करून दिलं. सुरकुती नाही, दम लागणं नाही, रोज तोच हात त्याच तालावर वर. त्यावर मत तरी काय देणार?

हा रोग कॅसेटीबरोबर आला असं मात्र समजू नये. नाशिककरांना तो फार आधीपासून ठाऊक असायला हवा, कारण दादासाहेब फाळके आपले. त्र्यंबकेश्वरचा जन्म, नाशकात उभारलेला स्टुडिओ, आणि इथेच १९४४ मध्ये शेवट. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने सुरुवात केलेल्या या माणसाने पुढची वीस वर्षं मुके चित्रपट काढले. मग पडदा बोलायला लागला आणि फाळक्यांची सद्दी संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. अशा वेळी कोल्हापूर सिनेटोनने त्यांना बोलावलं आणि सदुसष्ट वर्षांच्या फाळक्यांचा ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ मध्ये पडद्यावर आला. त्यांचा पहिला मूळ बोलपट आणि एकूणच शेवटचा चित्रपट. खर्च सुमारे अडीच लाख रुपये, आणि त्या काळात अडीच लाखांना काय काय येत असेल याचा हिशेब प्रेसकाकाच करू जाणोत. तेव्हाच्या चाहत्यांनी थिएटरबाहेर पानाच्या टपरीवर काय निकाल दिला असेल, हे मला पाठ आहे. “गंगा छान उतरवलीय. पण ‘लंका दहन’ची सर नाही.” आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, रविवारी तिथे पोरं खेळतात. आशाबाईंना २००० सालचा जो सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो याच गृहस्थांच्या नावाचा. योगायोग मोठा नाही, पण मला आवडतो.

डिसेंबर २०२४ मध्ये दुबईच्या कार्यक्रमात आशाबाईंनी ‘तौबा तौबा’ हे त्या वर्षीचं गाजलेलं पंजाबी वळणाचं गाणं गायलं आणि वर विकी कौशलच्या त्या प्रसिद्ध नाचातला एक पदन्यासही करून दाखवला. वय एक्क्याण्णव. तो व्हिडिओ मला एका दिवसात इतक्या जणांनी पाठवला की माझ्या फोनची जागा संपली. प्रत्येकाच्या खाली तेच. ‘या वयातही!’ हात जोडलेले, ज्वाळा, टाळ्या. सोसायटीच्या गटात ज्यांनी आयुष्यात आशाबाईंचं एक गाणं धड पूर्ण ऐकलं नसेल त्यांनीही ते टाकलं. गाणं कसं झालं याबद्दल कुणाचा एक शब्द नाही. जणू बाई गायली हे महत्त्वाचं नसून उभी राहिली हे महत्त्वाचं.

प्रेसकाकांनी तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पाहिला. त्यांनी हात जोडले नाहीत. हेडफोन लावून तीनदा ऐकला आणि रविवारी म्हणाले, “दुसऱ्या ओळीत ताल सुटता सुटता वाचला. पण पकडला तिने. ते पकडणं बघ तू. तिथे काय केलंय बघ.” मग त्यांनी ताटावर चमच्याने ठेका धरून दाखवला. शेजारच्या टेबलावरचे लताबाईवालेही वळून बघायला लागले. त्या दिवशी मला वाटलं, की या बाईचं गाणं अजूनही गाणं म्हणून ऐकणारी माणसं असतील तर ती ही कुरकुरी मंडळीच. कौतुक करणाऱ्यांनी तिला कधीच वयाच्या कोट्यातून उत्तीर्ण करून टाकलंय. हे अजून पेपर तपासताहेत, गुण कापताहेत, अर्ध्या गुणासाठी भांडताहेत. कापलेल्या प्रत्येक अर्ध्या गुणामागे त्यांनी ते गाणं कितीदा ऐकलं असेल याचा विचार करा. गुणी मुलाची तक्रार घेऊन शाळेत जाणारे आईबाप असतात ना, तशातली गत.

गेल्या ४ जानेवारीला पंचमच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. ओझरकाकांनी या खेपेला हट्टाने मूळ पट्टीत गायचं ठरवलं. मॅडमच्या त्या वाक्याचा परिणाम असावा. महिनाभर तयारी चालली होती आणि काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं की घरातलं मांजर बाहेर राहायला लागलंय. काका मंचावर चढले. जाकीट, पांढरे बूट. मुखडा बरा झाला. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला वर जाताना आवाज एकदा फाटला, मग त्यांनी तो सावरला, शेवटी पुन्हा थोडा ढळला. टाळ्या कडकडून पडल्या. मंचावरून उतरल्यावर लोक हात मिळवायला येऊ लागले. “काका, कमाल आहे! या वयातही!” “सत्तरीत इतका स्टॅमिना!” एका तरुण मुलीने वाकून नमस्कार केला. काकांचा चेहरा उतरत चालला होता. गर्दी पांगल्यावर ते थेट आमच्या रांगेत आले आणि प्रेसकाकांसमोर उभे राहिले.

“तू बोल. सगळे वय सांगताहेत.”

प्रेसकाकांनी चष्मा पुसला. “अंतऱ्याला दम आधी घ्यायला हवा होतास. तिथे शब्द तोडलास तू मधेच. दुसऱ्या ओळीत सूर फाटला, तो फाटला ते ठीक, पण फाटल्यावर घाबरलास, ते ऐकू आलं. तिसऱ्या कडव्यात ट्रॅकच्या पुढे गेलास. आणि ते हात हलवणं बंद कर, किशोर तसे हात हलवत नव्हता.”

ओझरकाका एकेका मुद्द्यावर मान डोलवत होते. त्यांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढून तिच्या मागे लिहायला सुरुवात केली.

“आणखी?”

“आणखी काय,” प्रेसकाका म्हणाले. “मागच्या वर्षीचं बरं झालं होतं.”

ओझरकाका लिहिता लिहिता थांबले. मागच्या वर्षीच्या गाण्यावर याच माणसाने अख्खा रविवार टीका केली होती. त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर चहा पाजला.